दारावरची लाल काच

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या दारावर, चौकटीच्या वरच्या पट्टीत, तीन तावदानं होती : लाल, पिवळं, हिरवं. दार पश्चिमेला. दुपारी लाल कवडसा आधी फरशीवर पडायचा आणि सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढायचा. तो देव्हाऱ्याच्या कोनाड्याला टेकला, की आजी चहाचं आधण ठेवायची.

गेल्या वर्षी घर पाडायला काढलं. ‘या काचांचं काय करायचं?’ मिस्त्रींनी विचारलं. ‘द्या टाकून,’ मी म्हणालो. आपण काय टाकलं, हे नंतर शोधत बसलो.

सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये, पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये. गिरण्यांच्या या गावाला मुंबई रुळांनी जोडली गेली होती आणि मुंबईत १८८८ साली बोरीबंदरचं स्थानक पूर्ण झालं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलात तर तिथल्या रंगीत काचा मान वर करून बघा. शिशाच्या पट्ट्यांत काचेचे तुकडे जोडून केलेलं ते काम. आमच्या दारावरची तावदानं म्हणजे त्याच हौसेचं घरगुती रूप : एका रंगाची एक काच, साध्या लाकडी चौकटीत.

हा रंग वरून लावलेला नसतो. काच वितळवताना कोबाल्ट मिसळलं की ती निळी होते, क्रोमियम मिसळलं की हिरवी. म्हणून वर्षानुवर्षं ऊन खाऊनही ती विटत नाही.

स्वदेशीच्या काळात मराठी माणसानंही काच हाती घेतली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला कारखाना निघाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. खिडकीची काच मात्र बराच काळ परदेशातूनच यायची.

पुढे नक्षीची काच आली. तापलेली काच नक्षीदार रुळाखालून काढली, की तिच्यावर फुलं-पानं उठतात. न्हाणीघराला ती सोयीची : उजेड आत येतो, नजर येत नाही. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती एकसारखी सपाट करायची पद्धत जाहीर केली. नव्वदच्या दशकात असे कारखाने भारतातही निघाले. मग भिंतीएवढ्या काचा आल्या, सरकत्या खिडक्या आल्या.

आमच्या नव्या घरालाही तशीच निळी, आरशासारखी काच आहे. दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री दिवा लावला की सगळं उलटं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आम्ही तिच्यावर जाड पडदा ओढून घेतो.

जुन्या तावदानांना पडदा कधी लागलाच नाही. ती माणसाच्या डोक्यावर होती आणि लहान होती. खाली दार बंद, वरून तेवढाच उजेड. सोलापूरच्या उन्हाला घरात किती घ्यायचं, हे ती चौकट बनवणाऱ्या सुताराला ठाऊक होतं.

पडदा ओढलेल्या खोलीतून आजी आता विचारते, ‘किती वाजले रे?’

तुमच्या दारावर असं एखादं तावदान अजून असेल, तर मिस्त्रींना उत्तर देण्याआधी एक दुपार त्याच्याखाली बसून बघा.