आम्ही, आपण आणि ‘आमच्यात’

‘आम्ही उद्या सिनेमाला जातोय’ आणि ‘आपण उद्या सिनेमाला जातोय’ यांतला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. पहिलं वाक्य ऐकून ते रडायला लागतं, दुसरं ऐकून चपला शोधायला पळतं. समोरच्याला धरून बोलायचं की वगळून, हे मराठीत एका सर्वनामावर ठरतं. हिंदीच्या ‘हम’ला हे जमत नाही, इंग्रजीच्या ‘वी’ला नाही, आणि संस्कृतातही ‘वयम्’ एकच.

गुजरातीत मात्र जमतं. तिथे ‘अमे’ आणि ‘आपणे’ अशी हुबेहूब जोडी आहे. ‘आम्ही’ आणि ‘अमे’ हे दोन्ही प्राकृत ‘अम्हे’तून आले, त्यामागे संस्कृत ‘अस्मद्’. ‘आपण’ आणि ‘आपणे’ यांचं कूळ वेगळं आहे. ते ‘आत्मन्’चे वंशज, प्राकृत ‘अप्पण’च्या वाटेने आलेले. म्हणजे ‘आपण’चा मूळ अर्थ ‘स्वतः’. ज्ञानेश्वरीतला ‘आपणपें’ हा शब्द त्याच अर्थाचा: स्वत्व, आत्मस्वरूप. जुन्या मराठीत ‘आपण’ म्हणजे बहुधा ‘तो स्वतः’. पुढे या ‘स्वतः’मध्ये ऐकणाराही येऊन बसला, आणि ‘आपण बसा’ म्हणताना तर फक्त ऐकणाराच उरला. एका शब्दाने मी, आपण सगळे आणि समोरचा आदरणीय माणूस अशा तिघांना सामावून घ्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं. असा भेद राजस्थानीतही आहे: ‘म्हे’ आणि ‘आपां’. तमिळ-तेलुगूत तो फार जुना, आणि आपल्याकडे तो द्राविड भाषांच्या सहवासातून आला असावा असं अनेक भाषाभ्यासक मानतात.

मराठी आणि गुजराती या दोन्ही जोड्या शेजारी शेजारी ऐकायच्या तर बडोद्यात यावं. गायकवाडी १७३४पासून इथे रुजली. दांडिया बाजार, रावपुरा हे मराठी वस्तीचे जुने भाग. शहर उत्तरेकडे वाढलं तशी समा-सावली रस्त्याला सोसायट्यांची रांग उभी राहिली, आणि तिथे एकाच जिन्यावर जोशी, पटेल, शाह अशा पाट्या लागल्या. या जिन्यावर ‘आम्ही’ एका खास रूपात भेटतो: ‘आमच्यात’. ‘आमच्यात हळद आदल्या दिवशी लागते.’ ‘अमारामां कांदा-लसण न चाले.’ दोन्ही वाक्यांत ‘जात’ हा शब्द नाही आणि दोन्हींत जातच आहे. घर बघायला गेलं की ‘तमे केवा?’ असं विचारतात. शब्दशः अर्थ ‘तुम्ही कसे?’, पण प्रकृतीची चौकशी समजून ‘मजेत’ म्हणून चालत नाही. बडोद्यातला मराठी माणूस याला पूर्वापार ‘अमे दक्षिणी’ असं उत्तर देत आला. पुण्यात कोणी दक्षिणी नसतो. नर्मदा ओलांडून उत्तरेला आल्यावरच माणूस दक्षिणी होतो. ओळख समोर कोण आहे यावर ठरते, हे सांगायला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

‘आम्ही’ आणि ‘ते’ कसे घडतात, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी तपासलं. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात त्याचे बहुतेक सगळे आप्त मारले गेले. परका कसा ठरवला जातो, हा त्याच्यासाठी कोरडा प्रश्न नव्हता. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना त्याने सांगितलं, ‘तू क्ले या चित्रकाराच्या गटातला, तू कँडिन्स्कीच्या.’ खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावं म्हणून पुष्कळ जण आपल्या गटाची एकूण कमाई कमी व्हायलाही तयार होते. भांडण नाही, इतिहास नाही, फक्त नाव.

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये सर्वनामांवरच बोट ठेवलं. अमेरिकन विद्यार्थ्यांना फोन करून कॉलेजच्या फुटबॉल सामन्याचं काय झालं ते विचारलं. संघ जिंकला असेल तर ‘आम्ही जिंकलो’ अधिक ऐकू आलं, हरला असेल तर ‘ते हरले’. आधी घेतलेल्या छोट्या चाचणीत तू कमी पडलास असं ज्याला सांगितलं होतं, त्याच्या तोंडी विजयाचा ‘आम्ही’ आणखी सहज आला. मला राहून राहून वाटतं, हा प्रयोग मराठी-गुजरातीत व्हायला हवा. तिथे एकच ‘वी’ मोजता आला. इथे फोन करणाऱ्यालाही विजयात घेतलं की नाही, तेही कळेल.

‘आपण’ नेहमीच उदार असतो असंही नाही. ‘मुलगा आपल्यातलाच आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आत घेतं आणि त्याच्या पाठीमागे दार लावून घेतं. ‘आमच्यात’ निदान तोंडावर सांगतो की तू बाहेरचा. ‘आपल्यातला’ हे ज्याला बाहेर ठेवलं त्याला ऐकूच येऊ देत नाही. मला त्याचीच धास्ती जास्त वाटते.

पण या भिंती हलतात, आणि बडोद्यात त्या हललेल्या दिसतात. गणपती इथे दक्षिण्यांबरोबर आला, आज गुजराती मंडळांतही तो ‘आपणा गणपति’ आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, समा भागही त्यातून सुटला नाही. अशा वेळी वरच्या मजल्यावरून हाक येते ती ‘आपणे शुं करीशुं?’ अशीच. ‘अमे’ तेव्हा कोणाला आठवत नाही.

हल्ली सोसायटीचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत येतात. ‘वी हॅव डिसायडेड’ असं वाचलं की हा ‘वी’ म्हणजे कमिटी की सगळे, हे कळायला मार्ग नसतो. मग कोणीतरी खाली लिहून विचारावं लागतं: अमे के आपणे?