न्याय

‘न्याय’ म्हटले की कोर्ट आठवते. शब्द मात्र कोर्टाहून फार जुना. तो ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला, असे अनेकदा सांगतात. पाणिनी वेगळी वाट दाखवतो. ‘नि’ उपसर्ग आणि ‘इ’, म्हणजे जाणे, यांपासून तो ‘न्याय’ साधतो आणि अर्थाची अट घालतो: अभ्रेष. अभ्रेष म्हणजे न ढळणे, जे जसे व्हायला हवे ते तसेच होणे. या अर्थात शिक्षा नाही, सूड तर नाहीच. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. अन्याय झालेला माणूसही बहुधा एवढेच मागत असतो, की जागेवरून ढळलेले पुन्हा जागेवर यावे.

पुढे गौतमाच्या तर्कशास्त्राला हेच नाव मिळाले. दृष्टान्तांनाही मिळाले: काकतालीय न्याय, स्थालीपुलाक न्याय. हा दुसरा म्हणजे आपली शितावरून भाताची परीक्षा. ‘त्या न्यायाने’ असे आपण रोज म्हणतो, ते याच वापरातून.

मराठीचा स्वतःचा शब्द निवाडा. तो ‘निवडणे’च्या घरचा. सुपात तांदूळ घेऊन खडे वेगळे काढणारे हात त्यात दिसतात.