सहा सह्यांचं घर
गोव्यातलं वडिलार्जित घर विकायला काढलं की गाडी सह्यांवर अडते. बँकेत कर्जाचे कागद तपासताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं.

याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यात. तो १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक. वारसाने आलेलं घरही त्यात धरतात. म्हणून तीन विवाहित भावंडांच्या घराला सहा सह्या लागतात. सासरी गेलेल्या मुलीचा वाटाही मुलाइतकाच, आणि मृत्युपत्र करूनसुद्धा मुलांचा निम्मा हिस्सा डावलता येत नाही.

मुंबई-पुण्याचे नातलग याला कटकट म्हणतात. पण बायकोची सही नाही म्हणून राहतं घर वाचलेलं मी पाहिलंय.

तेव्हा घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी वारसांची इन्व्हेंटरी झाली का ते विचारा. एक-चौदाच्या उताऱ्यावर एकाच भावाचं नाव दिसलं तरी भुलू नका. जागेत मुंडकार आहे का, तेही बघा. आणि विकणाऱ्यांनो, भावंडं हयात आहेत तोवरच वाटणी उरकून घ्या. पुढच्या पिढीत सहाच्या सोळा सह्या व्हायला वेळ लागत नाही.