गुंगीतली साक्ष

रायपूरची इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरी सहकारी बँक २००६ साली बुडाली आणि ठेवीदार हवालदिल झाले. तपासात बँकेच्या व्यवस्थापकाला गुंगीचे औषध देऊन प्रश्न विचारण्यात आले. श्रोतेहो, या युक्तीचा उगम प्रसूतिगृहातला! स्कोपोलामिनच्या गुंगीत मनुष्य खोटे बोलूच शकत नाही, असे टेक्ससचे डॉक्टर रॉबर्ट हाउस यांनी १९२२ साली प्रतिपादिले. पुढील संशोधनाने ते खोडून काढले. गुंगीतला मनुष्य कल्पित गोष्टी सांगतो, प्रश्नकर्त्याच्या सूचनेने वाहवतो. तरी पोलिसांचा मोह सुटेना. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीवाचून अशी चाचणी घटनाविरोधी ठरविली. रायपूरच्या चाचणीची चित्रफीत मात्र त्यानंतरही, २०१३ या निवडणुकीच्या वर्षी, चव्हाट्यावर आली.