वाऱ्याचं माप

आम्ही गेवराई तालुक्यातल्या उमापूरहून बोलतोय.

मागच्या मीटिंगला हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. उठता उठता आमच्यातल्या एका ताईनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तिचं माहेर बालाघाटाच्या डोंगरावर. भावाच्या वावरात पवनचक्की बसवायची म्हणून एका कंपनीचा माणूस भाडेकराराचा कागद देऊन गेला होता आणि वस्तीजवळ लाल कापड बांधलेली खुंटी ठोकून गेला होता. तिच्या भावजयीनं विचारलं, "दादा, घराच्या एवढ्या जवळ चालतं का?" तो म्हणाला, "सगळं इंटरनॅशनल स्टँडर्डनुसार आहे, ताई." एवढा मोठा शब्द ऐकल्यावर ती बिचारी गप्प झाली. खरं सांगतो, कागद बघून आम्हीही आधी गप्पच बसलो.

मग ठरवलं, हे स्टँडर्ड म्हणजे आहे तरी काय, ते आलं कुठून, हे शोधायचं. जे सापडलं ते आज सांगतो.

माप आपल्याला नवं नाही. कापूस आपण वेचायचा, उसाच्या मोळ्या आपण वाहायच्या, आणि काटा दुसऱ्याच्या हातात. म्हणून काट्यावर सरकारी शिक्का लागतो. त्या शिक्क्याची किंमत एवढ्यासाठीच, की तो घेणाऱ्यानंही मारलेला नसतो आणि देणाऱ्यानंही नाही. पवनचक्कीचं स्टँडर्ड, म्हणजे मानक, हा तसाच शिक्का. पण तो लागायला शंभर वर्षं गेली.

ही गोष्ट सुरू होते डेन्मार्क या लहानशा देशातल्या आस्कोव्ह नावाच्या खेड्यात. तिथल्या शाळेत पॉल ला कूर नावाचे मास्तर होते. १८९१ मध्ये त्यांनी वाऱ्यावर वीज करून पाहिली, आणि पुढे खेड्यापाड्यातल्या पोरांना वीजकाम शिकवायला वर्ग काढले. त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक पोरगा होता. हे नाव लक्षात ठेवा.

मधल्या काळात अमेरिकेनं उडी मारली. १९४१ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या एका डोंगरावर तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी पवनचक्की उभी राहिली. पाती दोनच, पण एकेक कित्येक टनांचं. २६ मार्च १९४५ ला त्यातलं एक पातं मुळातून तुटलं आणि उडून दूर जाऊन पडलं. पात्याच्या बुडाशी जागा कच्ची आहे हे आधीच माहीत होतं. पण महायुद्ध चालू, सामान मिळेना, तशीच चालवली. कच्चं आहे हे ठाऊक असून तसंच रेटायचं, हे आपल्याकडेही काही कमी नाही.

१९५७ मध्ये यूलनं, आता तो म्हातारा झाला होता, डेन्मार्कमध्ये गेडसर इथं तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. तिची खुबी अशी, की चाक जास्त जोरात फिरू लागलं की पात्यांची टोकं त्या जोरानंच आपोआप आडवी वळायची आणि वेग तोडायची. माणूस नको, बटण नको. ती चक्की दहा-अकरा वर्षं फारशी डागडुजी न करता चालली.

पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. १९७३ नंतर जगात तेल महाग झालं. डेन्मार्कमध्ये शेतकरी, लोहार, सुतार, मास्तर अशा लोकांनी पैसे गोळा करून छोट्या पवनचक्क्या घ्यायला सुरुवात केली. थोडक्यात, आपल्यासारखे गटच. पण काही चक्क्या वादळात वेगावर गेल्या आणि मोडल्या. १९७८ मध्ये या मालकांनी स्वतःची संघटना काढली आणि बनवणाऱ्यांकडे हट्ट धरला, की एक ब्रेक निकामी झाला तर दुसरा आपोआप लागला पाहिजे. एवढ्यावर थांबले नाहीत. कुणाच्या चक्कीनं या महिन्यात किती वीज दिली, कुणाची कशानं बंद पडली, हे ते आपल्या मासिकात छापू लागले. उघड, नावानिशी. आपण मीटिंगला सगळ्यांसमोर हप्त्याचा हिशेब वाचतो ना, अगदी तसं. वाईट माल बनवणाऱ्याला लपायला जागाच उरली नाही. त्याच सुमारास सरकारनंही नियम केला, की रिसो इथल्या तपासणी केंद्रानं पास केलेल्या चक्कीलाच अनुदान मिळेल.

इतर देशांनीही आपापले नियम केले. एका देशाचा नियम दुसऱ्याला चालेना. तेव्हा आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोग, पुढे आला. ही संस्था १९०६ पासूनची, तिचं कार्यालय जिनिव्हात. पवनचक्कीचं तिचं पहिलं मानक १९९४ मध्ये निघालं. आज त्याचा क्रमांक ६१४०० आहे, आणि चौथी सुधारलेली आवृत्ती २०१९ ची आहे. पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ धरून यंत्र बनवा; निदान वीस वर्षं टिकेल असं बनवा; एक बिघाड झाला तरी यंत्र सुरक्षित थांबलं पाहिजे; असं त्यात आहे. जास्त वाऱ्याच्या जागेसाठी पहिला वर्ग, मध्यम वाऱ्यासाठी दुसरा, कमी वाऱ्यासाठी तिसरा. तिसऱ्या वर्गाच्या यंत्रानंही ताशी १३५ किलोमीटरचा वारा सलग दहा मिनिटं सोसला पाहिजे. विजेपासून बचाव, आवाजाचं मोजमाप, पात्याची चाचणी, यांचे वेगवेगळे भाग आहेत.

आता आपल्याकडे या. १९८६ मध्ये भारतात वीज करणाऱ्या पवनचक्क्यांचे पहिले समूह उभे राहिले, त्यात आपल्या कोकणातलं देवगडही होतं. नव्वदीत साताऱ्याकडे, पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर कामं सुरू झाली. ऊसतोडीला कराड-पाटणच्या बाजूला गेलेल्या आपल्या बायांनी रात्री डोंगरावर लाल दिवे लुकलुकताना पाहिलेत. त्या काळात पवनचक्की लावली की कंपन्यांना करात मोठी सूट मिळायची, म्हणून काहींनी वीज किती होते हे न बघताच चक्क्या लावल्या. मग १९९८ मध्ये केंद्र सरकारनं चेन्नईला पवनऊर्जेची संस्था काढली. यंत्रांची चाचणी आणि प्रमाणपत्र हे तिचं काम.

पण आधी वारा मोजणार कोण? इथं एका बाईचं नाव येतं, अन्ना मणी. ऐकायला अण्णा वाटेल, आम्हालाही वाटलं. १९१८ मध्ये त्रावणकोरात जन्म. घरच्या रीतीप्रमाणे आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या. या पोरीनं त्याऐवजी ज्ञानकोश मागितला. पुढे सी. व्ही. रामन यांच्याकडे हिऱ्यांवरच संशोधन केलं. प्रबंध लिहिला, पण एमएससी नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएचडी नाकारली. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांच्या विभागात रुजू झाल्या. तोवर पाऊस-वारा मोजायची साधी साधनंसुद्धा परदेशातून यायची. मणीबाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे एका मापात बसवले आणि ती इथंच बनवून घेतली. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष होते. चुकीचं माप हे माप नसण्यापेक्षा वाईट, असं त्या मानायच्या.

ते पवनचक्कीला किती लागू पडतं बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. म्हणजे वेग मोजताना दहा टक्के चुकलं, तर विजेचा अंदाज तिसऱ्या हिश्श्यानं चुकतो. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. देशातल्या वाऱ्याची आकडेवारी गोळा करून १९८३ मध्ये पुस्तक केलं. डोंगरावर चक्कीच्या आधी बारीक खांब उभा राहतो, त्यावर वाट्या गरगर फिरतात, ते वारा मोजणं. त्या कामाचा आपल्या देशातला पाया या बाईनं घातलाय.

आता त्या कंपनीच्या माणसाच्या उत्तराकडे वळू. शोधता शोधता आमच्या लक्षात आलं, की भावजयीनं विचारलं एक आणि त्यानं सांगितलं दुसरंच. ६१४०० हे यंत्राचं मानक आहे. यंत्र मजबूत आहे का, हे ते सांगतं. घरापासून किती लांब, हे आपल्या सरकारनं वेगळं सांगितलंय. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, की आवाजाचा त्रास नको म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की लावू नये. रस्ता आणि इमारतींसाठीही हिशेब दिलाय: मनोऱ्याची उंची, अधिक चाकाच्या रुंदीचं निम्मं, अधिक ५ मीटर. समजा मनोरा १२० मीटर आणि चाक १३० मीटर. तर १२० अधिक ६५ अधिक ५, म्हणजे १९० मीटर. हे गणित आपल्या कुठल्याही गटातली हिशेब लिहिणारी करू शकते.

आम्ही पवनचक्कीच्या विरोधात नाही. खडकाळ रानाला भाडं मिळत असेल तर कुणाला नको? पण सातबारावर नाव दादाचं, सही दादाची, आणि रात्रंदिवस त्या घरात राहणार भावजय. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, तिनंच विचारलं.

मागच्या आठवड्यात ताई माहेरी गेली. गवंड्याकडून तीस मीटरची टेप आणली. ती एका टोकाला, भावजय दुसऱ्या टोकाला, पोरं मधे खुणा करायला. घराच्या ओट्यापासून लाल खुंटीपर्यंत टेप बारा वेळा लागली, वर थोडं उरलं. चारशेलासुद्धा भरलं नाही. आता त्यांनी ग्रामसभेला अर्ज दिलाय. त्यात तीन गोष्टी मागितल्यात: या मॉडेलचं प्रमाणपत्र, ते कोणत्या वर्गाच्या वाऱ्यासाठी आहे, आणि घरापासूनचं अंतर लेखी. अर्जावर भावजयीची सही पहिली आहे. करारावर दादानं अजून सही केलेली नाही, आणि खुंटी आहे तिथंच आहे.