काळी, पांढरी आणि आमचं घर

जुन्या महसुली कागदांत गावाच्या जमिनीचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' ज्यांनी वाचलं असेल त्यांना ही जोडी माहीत असेलच. शाळेत असताना मी ती दरवर्षी फळ्यावर लिहायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरून जायची. हे रंग जमिनीचे खरे रंग आहेत आणि त्यांत घर कुठे बांधावं याचा निवाडा दडलेला आहे, हे मात्र मला नोकरीत असताना कधी कुणी सांगितलं नाही. ते आमच्या घराच्या भिंतींनी सांगितलं!

आधी काळीबद्दल. आपल्या वर्धा जिल्ह्याखाली जो काळा दगड आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजून झिजून ही माती झाली. शेतकरी तिच्यातही जाती पाडतात, काळी, मोरंड, खरडी, बरडी. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी पार विलायतेत होतं ते या मातीच्या जोरावर. इंग्रजांनी तर मातीलाच कापसाचं नाव देऊन टाकलं. पण हीच माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ की पाणी दोन पापुद्र्यांच्या मधे शिरून बसतं आणि त्यांना दूर सारतं. उन्हात ते पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात. मे महिन्यात वावरात गेलात तर भेगेत तुरीची अख्खी काडी आत जाते. पऱ्हाटीला याचं काही वाटत नाही. भिंतीला वाटतं.

आता पांढरी. गावाची पांढरी बहुतेक वेळा आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच असते. ती उंची सगळीच निसर्गाची नसते. मातीच्या भिंती पडायच्या, त्याच मातीवर नव्या उभ्या राहायच्या. चुलीतली राख, फुटकी मडकी, हाडं, चुना सगळं तिथेच. शेकडो वर्षं माणसं राहून राहून जी जमीन तयार झाली तिचं नाव पांढरी. आपल्याकडचा उत्तम दाखला पवनारचा. धाम नदीकाठच्या त्या टेकाडावर १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं, शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी. वस्तीचे थरावर थर निघाले. महामहोपाध्याय मिराशींच्या मते हेच वाकाटकांचं प्रवरपूर. सगळ्या विद्वानांना ते मान्य नाही, तो वाद आपण त्यांच्यावर सोडू. माझ्या कामाचा मुद्दा एवढाच की माणसं भोवतालच्या काळीत न पसरता त्याच टेकाडावर पुन्हा पुन्हा घरं बांधत राहिली. काळी सोन्याची, ती घरांत कशाला अडकवायची हा हिशेब त्यात होताच. पण काळीवर भिंत टिकत नाही हा अनुभवही असणार.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'आपले पूर्वज किती शहाणे' म्हणून मान डोलवण्याआधी पांढरीवर कुणाला जागा होती ते बघावं. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांची घरं सखल भागात, जिथे पावसाचं पाणी उतरतं तिथे असत. पांढरीचं शहाणपण गावकुसाच्या आतल्यांपुरतं होतं.

बरं, पांढरीवरची घरं तडकत नव्हती का? तडकायची की! माझं सासर आर्वीकडचं. सागाचे खांब, वर तुळया, मधे मातीच्या भिंती आणि वर कवेलू. छताचा भार खांबांवर, त्यामुळे भिंत थोडी हलली तरी घर बसत नसे. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, आणि पावसाळा संपला की दिवाळीच्या तोंडावर सासूबाई माती, शेण आणि गव्हांडा कालवून भिंतींच्या सगळ्या भेगा बुजवायच्या, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा. लग्नानंतर पाच-सहा दिवाळ्या मीही त्यांच्या हाताखाली होते. त्या भेगांना कुणी 'प्रॉब्लेम' म्हणत नसे. ते बायकांचं वार्षिक काम होतं, पापड-कुरडयांसारखं. घर बांधून एकदाचं पूर्ण होतं ही कल्पनाच मुळी सिमेंटबरोबर आली.

मग माणसं काळीवर आली कधी? वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढला. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे आपलं शहर हे पांढरीवर हळूहळू वाढलेलं गाव नव्हे, नकाशावर रेघा मारून वसवलेलं. पण जुन्या मिस्त्र्यांचा एक नेम होता. मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि मुरूम लागल्याशिवाय पायाचा दगड ठेवायचा नाही. ज्यांना तो खर्च झेपायचा त्यांचे वाडे उभे राहिले.

दुसरी वाट सेवाग्रामची. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात राहायला आले. (सेवाग्राम हे नाव १९४० मधलं.) आदिनिवास, बापूकुटी ही बांबू, माती, लाकूड आणि कवेलूंची घरं. बांधकामावर देखरेख मीराबेनची. येणारे पाहुणे त्यात साधेपणा बघतात, तो आहेच. मी आता तिथे गेले की माझं लक्ष वेगळीकडे जातं. ते घर हलकं आहे, जमिनीबरोबर जरासं हलू शकतं, आणि वर्षानुवर्षं कुणीतरी त्याला लिंपत, सारवत आलं आहे. म्हणजे एकतर मुरमापर्यंत जा, नाहीतर हलकं बांधा आणि दरवर्षी हात फिरवा. काळीवर राहायच्या या दोन जुन्या रीती.

आमच्या पिढीने दोन्ही सोडल्या. नोकरदार माणसं शहरात आली, शहराभोवतालची वावरं बिनशेती झाली, त्यांचे ले-आऊट पडले. आमचा प्लॉटही असाच, आदल्या हंगामापर्यंत तिथे पऱ्हाटी उभी होती. १९८६ साली ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून आणि माझ्या सोसायटीच्या कर्जातून घर झालं. ठेकेदाराने चार फूट खणलं. ह्यांनी विचारलं, "मुरूम कुठे लागला?" तर म्हणे, "सर, आता सिमेंट आहे, मुरूम कशाला पाहिजे?" पायात त्याने वाळू भरली. पहिल्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर गेली. पावसाळ्यात देवघराचं दार लागेना आणि मार्चमध्ये आपोआप लागू लागलं! पुढे तीस-पस्तीस वर्षं आम्ही चिरा भरत आलो, सिमेंटने, पुट्टीने. चीर दरवर्षी शेजारी नवी यायची.

हे गेले. मुलगा आणि सूनबाई पुण्याहून परत यायचं म्हणू लागले, वर दोन खोल्या चढवू म्हणाले. मला आनंद झाला आणि रात्री झोप लागेना. त्या भिंतींवर आणखी एक स्लॅब? नातेवाइकांत एकमत होतं की मिस्त्रीला विचार, तो फुकट सांगेल. टाइल्स निवडायला चार दुकानं हिंडणारी आपली माणसं इंजिनिअरच्या फीला मात्र बिचकतात. मी म्हटलं, प्रश्न वजनाचा आहे, ज्याचं ते शास्त्र आहे त्यालाच बोलवायचं. नागपूरहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. वयाने माझ्या मुलाहून लहान.

त्यांनी भिंतींआधी जमीन पाहिली. अंगणात खड्डा घेतला, माती पिशवीत भरली. पुढच्या खेपेला त्या मातीची चाचणी मला दाखवली, ती तर शाळेत करून दाखवावी इतकी सोपी. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते. आमच्या अंगणातली पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. तीस वर्षं मनात जो संशय होता तो काचेच्या नळीत दिसला.

मग त्यांनी चिरांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. चीर हलली तर पट्टी तडकते. शिवाय दर महिन्याला रुंदी मोजून लिहायची, ते काम माझं. "बाई, वर्षभर थांबा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही." मुलगा जरा चिडला. मला ते आवडलं.

त्या वर्षात त्यांच्याकडून बरंच ऐकलं. काळ्या मातीसाठीचा खास पाया आपल्याच देशात घडला. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या काळात दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला, नाव अंडर-रीम पाइल. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळाशी ते फुगवून शाफ्टच्या अडीचपट रुंद करायचं आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. उलट्या ठेवलेल्या पळीसारखा खांब म्हणा ना. सुमारे साडेतीन मीटरखाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, म्हणून तळ तिथे न्यायचा. वरच्या बीमखाली चार बोटं जागा मोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखवला, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर थर दाबून बसवायचा. आणि वाळू? "वाळू तर पाणी धरून ठेवते आणि खालच्या काळीला पाजते," इति इंजिनिअर. ठेकेदाराची आठवण झाली, असो.

कोपऱ्यावरच्या कडुनिंबाचं मला भय होतं. तो ह्यांच्या हातचा. झाड उन्हाळ्यात मुळांनी पाणी ओढतं, त्या कोपऱ्याची माती जास्त आकसते, हे खरंच निघालं. पण तोडायला ते तयार नव्हते. एवढं जुनं झाड एकदम तोडलं तर इतक्या वर्षांची कोरडी माती पाणी पिऊन फुगेल आणि उलटा त्रास होईल. दरवर्षी छाटा म्हणाले. छाटते.

वर्षाअखेरीला माझी वही घेऊन बसलो. सात पट्ट्यांपैकी पाच तडकल्या होत्या. पण आकडे काय सांगत होते? चिरा मेमध्ये रुंदावल्या आणि ऑक्टोबरला जवळपास पहिल्या मापावर परत आल्या. घर खचत नव्हतं, ऋतूप्रमाणे खालीवर होत होतं. राहायला हरकत नाही, वर काही चढवायचं नाही, असा निकाल मिळाला. घराभोवती चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या उताराने करून घेतली, गच्चीचं पाणी पाइपने लांब नेलं, भिंतीलगतचं न्हाणीचं सांडपाणी बंद केलं. देवघराचं दार यंदाच्या पावसाळ्यात लागलं.

मुलाच्या दोन खोल्या मागच्या अंगणात झाल्या, वेगळ्या, पाइलवर. जुन्या घराला कुठेही न टेकवता, मधे बोटभर फट ठेवून. सूनबाई म्हणाली, "आई, दोन घरं चिकटवून घेतली असती तर बरं दिसलं असतं." इंजिनिअरांनी मान हलवली. जुनं घर हलत राहणार, नवं हलणार नाही, चिकटवलं तर एकमेकांना फोडतील. आता त्या फटीवर पत्र्याची पट्टी आहे, एका बाजूने पक्की, दुसऱ्या बाजूने सुटी. भोकं पाडताना निघालेली काळी माती दारात ढीग होऊन पडली होती. ती शेजारच्या काकूंनी कुंड्यांसाठी नेली, म्हणाल्या, अशी माती विकत मिळत नाही.