शालेय आपत्ती पूर्वतयारी, यवतमाळ जिल्हा

नैसर्गिक आपत्तीत विद्यार्थी, शिक्षक व शालेय इमारत सुरक्षित राहावी म्हणून आधीच केलेली व्यवस्था. जिल्हा समुद्रापासून दूर असल्याने येथे चक्रीवादळाचा थेट तडाखा बसत नाही. मात्र बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे अतिवृष्टी होते. पूर, वीज आणि उष्णतेची लाट हे मुख्य धोके होत.

पूर : वर्धा व पैनगंगा या सीमेवरील नद्या, तर पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या आतील. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने वेढले, तेव्हा हवाई दलाची मदत मागवावी लागली. त्यामुळे शाळेच्या आराखड्यात इमारतीइतकेच महत्त्व वाटेवरच्या नाल्यांना आणि ठेंगण्या पुलांना येते. पाणी चढू लागल्यास पलीकडच्या गावांतील मुलांना आधी सोडायचे की शाळेतच थांबवायचे, हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असावे लागते. पूरकाळात जिल्हा परिषदेच्या शाळा निवाऱ्यासाठीही वापरल्या जातात.

वीज व ऊन : मेघगर्जना होताच मैदान रिकामे करणे आणि झाडाखाली न थांबणे, हे मूलभूत नियम. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरतात. विदर्भातील नवे सत्रही उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनअखेरीस सुरू होते.

भूकंप : शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 मध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. म्हणून बाकाखाली आसरा घेण्याचा सरावही उपयुक्त ठरतो.

कायदा व यंत्रणा : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे 2004 मध्ये शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. त्यासंबंधीच्या याचिकेवर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणहक्काचाच भाग मानला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आराखडा, रंगीत तालीम, धोकादायक खोल्यांचे निर्लेखन व वीजजोडणीची तपासणी ही त्यातून येणारी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची कामे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे.

आश्रमशाळा : पांढरकवडा व पुसद या आदिवासी विकास प्रकल्पांतील आश्रमशाळांत मुले रात्रीही मुक्कामी असतात. तेथे रात्रीची तालीम, वसतिगृहातील मुलांची हजेरी, विजेऱ्या आणि धान्य व पाण्याचा साठा यांची वेगळी तरतूद लागते.